जग अडचणीत आलं तर पैसेवाले पळणार कुठे? आणि तिकडे त्यांना घेणार कोण?

हिशेबनीस:
मंडळी, मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करतो. परवा एक क्लायंट रिटर्नचे कागद घेऊन आले आणि ते बाजूला ठेवून मलाच विचारायला लागले की न्यूझीलंडचा गुंतवणुकीवरचा व्हिसा असतो त्यात पैसा कुठून आला ते कसं दाखवायचं. मला वाटलं मुलाला शिकायला पाठवताहेत. तर म्हणाले, "नाही हो, उद्या काही झालं तर एक जागा असावी." काही झालं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पण घरी येऊन वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

पेपालवाला पीटर थील, त्याला २०११ मध्ये न्यूझीलंडने नागरिकत्व दिलं तोपर्यंत तो त्या देशात एकूण १२ दिवस राहिला होता. बारा दिवस! आपल्याकडे रेशनकार्डावर सुनेचं नाव चढायला याहून जास्त लागतात. मग २०१५ मध्ये वानाका तळ्याजवळ १९३ हेक्टर जमीन घेतली. चॅटजीपीटीवाला सॅम ऑल्टमन २०१६ मध्येच बोलून गेला होता की अगदीच वेळ आली तर थीलबरोबर विमानाने तिकडे जायचं ठरलंय. लिंक्डइनच्या रीड हॉफमनचा २०१७ मधला अंदाज होता की सिलिकॉन व्हॅलीतल्या निम्म्याहून जास्त अब्जाधीशांनी असली काहीतरी सोय करून ठेवलेली असणार. झुकरबर्गच्या हवाईमधल्या काउआई बेटावरच्या इस्टेटीत जमिनीखाली ५,००० चौरस फुटांचा निवारा आहे, तो म्हणतो साधं तळघर आहे हो.

माझं मत सांगतो. यात हसण्यासारखं काही नाही. दक्षिण गोलार्ध, म्हणजे उत्तरेत अणुयुद्ध झालं तरी त्यातल्या त्यात लांब, चारी बाजूंनी समुद्र, माणसं पन्नास लाखांच्या थोडी वर, खाणं स्वतःला पुरून उरतं, निम्म्याहून जास्त वीज धरणांची. डोकं चालवणारा माणूस हीच जागा निवडणार. माझ्याकडे पैसा असता तर मीही घेतली असती. बोला.

किवीकाका:
ऑकलंडमध्ये १४ वर्षं आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळं बरोबर लिहिलंय फक्त इथे माणसं राहतात हे विसरलात. २०१८ मध्ये कायदा केला की परदेशी माणसाला इथलं तयार घर विकत घेता येणार नाही, तेव्हा सवलत फक्त ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरवाल्यांना होती. थीलने वानाकाला डोंगराच्या कुशीत लॉज बांधायचा प्लॅन टाकला तो तिथल्या कौन्सिलने २०२२ मध्ये फेटाळला, कारण काय तर निसर्गाचं दृश्य बिघडतं. जगातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक माणूस आणि त्याला बांधकाम परवानगी मिळाली नाही, आता बोला.

आणि १९ मार्च २०२० च्या रात्री सीमा बंद झाली ती नागरिक आणि कायम रहिवासी सोडून सगळ्यांना. नागरिकांनाही क्वारंटाइन हॉटेलात खोली मिळाली तरच यायचं, त्या खोल्यांसाठी ऑनलाइन रांग. माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये सांगलीत गेले. मी गेलो असतो तर परत यायला खोली कधी मिळाली असती माहीत नाही, इकडे बायको आणि दोन पोरं. व्हिडिओ कॉलवर बघितलं सगळं. म्हणून "एक जागा असावी" हे ऐकलं की मला थोडं कसंतरी होतं.

हिशेबनीस:
काका, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण माझा मुद्दा त्याने खोटा पडत नाही, उलट पक्का होतो. त्याच काळात गूगलचा लॅरी पेज जानेवारी २०२१ मध्ये फिजीहून आत आला की नाही? आणि पुढच्या महिन्यात गुंतवणूकदार म्हणून रेसिडन्सीही मिळाली.

किवीकाका:
आला. त्याचा मुलगा आजारी होता, मेडिकल इमर्जन्सीत आणलं आणि तो नियम सगळ्यांना होता असं सरकारने संसदेत सांगितलं. नियमाने झालं असेलही. पण इथल्या लोकांनी तेव्हा काय काय बोलून घेतलं ते मी ऐकलंय, कारण ज्यांची स्वतःची पोरं बाहेर अडकली होती ती माणसं बोलत होती.

मार्केटवाला:
तुमचं दोघांचं चालू द्या पण मला कळत नाही यात एवढं चिडायचं काय आहे. मेडिक्लेम काढतो तेव्हा आपण काय आजारी पडायची वाट बघतो का? शंभर कोटीवाल्याने दोन कोटी बाजूला टाकले, तेवढं त्याला आपल्या टर्म इन्शुरन्सच्या हप्त्याएवढं. आणि संकटात जागेपेक्षा वेळ महत्त्वाची, ती पैशाने मिळते. एप्रिल २०२१ आठवा, इकडे ऑक्सिजन मिळत नव्हता आणि ब्रिटनने जाहीर केलं की २३ तारखेला पहाटे ४ पासून भारत रेड लिस्टमध्ये, म्हणजे इथून येणाऱ्या बहुतेकांना बंदी. आदल्या २४ तासांत इथून खासगी जेट लंडनला उतरत होती, शेवटचं तर मुदत संपायला तासभरही नसताना. ती माणसं वाचली ना? मग झालं तर. बाकी सगळी जळजळ आहे.

शून्यप्रहर:
मार्केटवाला, मेडिक्लेमची कंपनी पैसे देते तेव्हा ती कंपनी शाबूत असते आणि बाहेर कोर्ट असतं. इथे तुम्ही जिच्याविरुद्ध विमा काढताय ती गोष्टच कंपनी, कोर्ट, बँक, पोलीस सगळं घेऊन बुडणार आहे. मग पॉलिसीचा कागद दाखवणार कोणाला?

अमेरिकेत कॅन्ससमध्ये ॲटलस क्षेपणास्त्राचा जुना सायलो, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायची जमिनीतली खोल विहीर, एका बिल्डरने घेतला आणि जमिनीखाली १५ मजली फ्लॅट स्कीम केली. साठ मीटर खोल, पंच्याहत्तरेक माणसांची सोय, पाच वर्षांचं खाणं, स्विमिंग पूल, थिएटर, पूर्ण मजल्याला ३० लाख डॉलर. खिडकीच्या जागी स्क्रीन, त्यावर हवं ते दृश्य, एका बाईला म्हणे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क हवं होतं. मला ते वाचून सेंट्रल पार्क दिसलंच नाही, सोसायटीची मीटिंग दिसली. पाणी कोणी जास्त वापरलं, मेंटेनन्स कोणाचा बाकी आहे, आणि बाहेर जाऊन भांडायचीही सोय नाही. आमच्या ३२ फ्लॅटच्या सोसायटीत लिफ्टच्या खर्चावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे लोकांचं.

आणि मेन प्रश्न गार्डचा. हे काही माझं डोकं नाही, अमेरिकेत काही बड्या गुंतवणूकदारांनी एका लेखकाला बोलावून हाच प्रश्न विचारला होता की पैशाला किंमत उरली नाही तर माझे सुरक्षारक्षक माझं का ऐकतील. बंदूक त्याच्या हातात, कुटुंब त्याचंही आहे.

मार्केटवाला:
गार्डला आधीच नीट वागवा, फॅमिलीसकट आत घ्या. सोपं आहे.

शून्यप्रहर:
मग त्याच्या बायकोच्या भावाला पण घ्या, त्याच्या सासूला पण घ्या. असं करत करत गाव होतं त्याचं, बंकर राहत नाही.

फणसवाडीकर:
गावाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले, त्यात माझा सख्खा चुलतभाऊ, त्याचं इथे घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, गणपतीला दरवर्षी येतो. वाडीच्या तोंडावर बांबू आडवा टाकलेला. त्याला १४ दिवस शाळेत ठेवला, जेवण लांबून ठेवून जायचं. मीच ठेवायचो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, मी काय भिकारी आहे का?" आम्ही दोघं अजूनही त्यावर नीट बोललेलो नाही. तेव्हा पटलं होतं, आजही वाटतं चुकलं नव्हतं, गावात सगळी म्हातारी माणसं. पण सांगायचं हे की रक्ताच्या माणसाला बांबू आडवा पडतो तिथे कॅलिफोर्नियाहून जेटने आलेल्याला काय हारतुरे घालणार का.

त्याच्या महिनाभर आधीचं आठवत असेल, एका बड्या उद्योगपती घराण्यातले २३ जण गाड्या काढून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले होते, लॉकडाऊनमध्ये, गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र घेऊन. पत्र होतं, बंगला होता, पैसा तर होताच. तरी पकडले आणि पाचगणीत क्वारंटाइन केलं.

जुनी_पानं:
लोक म्हणतील हे नवीन आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला तेव्हा हेच झालं. ज्यांची ऐपत होती ते आधी हवा खायच्या ठिकाणी आणि उपनगरात गेले, मग गिरणी कामगार आगगाडीने आणि बोटीने कोकणात, घाटावर, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं बाहेर. आणि फणसवाडीकर, त्यातही गंमत बघा, गिरणी मालक राहिले त्यांच्याच गिरण्यांना माणूस मिळेना, रस्त्याच्या नाक्यावर उभं राहून मजुरांसाठी बोली लावायची वेळ आली, मजुरी रोजच्या रोज. महिनोन्महिने पगार अडकवून ठेवणारे लोक हे. माणसं निघून गेल्यावर पैसा नुसता हातात धरून बसायचा असतो. आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही पुण्याला पोचला, पुढचं रँडचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे.

दुबईवाली_ताई:
न्यूझीलंड लांब राहिलं, आपल्याकडच्या पैसेवाल्यांचं पहिलं डोळ्यासमोर येतं ते दुबई. मी नऊ वर्षं आहे, छान आहे, सुरक्षित वाटतं, रात्री एकटी चालत घरी येते. पण संकटाची जागा म्हणाल तर अहो, पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, धान्य बहुतेक सगळं बाहेरून. २३ जून २०२५ ला इराणने कतारच्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं टाकली तेव्हा काही तास आखातातलं आकाशच बंद झालं होतं, भाचीचं विमान मध्येच वळवलं. तेव्हा पहिल्यांदा फ्रिज उघडून मोजलं घरात पाण्याच्या बाटल्या किती आहेत. अकरा निघाल्या.

आल्प्सवाला:
झुरिकजवळ राहतो. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात जाड काँक्रीटचं दार असलेली खोली आहे, त्यात माझ्या स्की, शेजाऱ्याची वाइन आणि कोणाची तरी मोडकी सायकल. १९६३ च्या कायद्यापासून इथे प्रत्येक रहिवाशाला निवाऱ्यात जागा असली पाहिजे असा नियम आहे, देशभरात मिळून ९० लाखांच्या आसपास जागा. श्रीमंताला वेगळी, कामवाल्याला वेगळी असं नाही. आता हेही सांगतो की सगळं चालतंच असं नाही, लुझर्नला महामार्गाच्या बोगद्यात २०,००० लोकांचा निवारा केला होता, १९८७ मध्ये चाचणी घेतली तर आठवडाभरात सगळे पलंगही लावून झाले नाहीत. स्विस लोकांचं हे, तर बाकीच्यांचं काय.

मार्केटवाला:
म्हणजे तुमच्याच म्हणण्याने सरकारी सोय फेल आणि खासगीवर राग. ठीक आहे.

आल्प्सवाला:
त्या बोगद्याची फेल, तळघरातली नाही. आणि मला राग कोणाचाच नाही, माझ्या स्की तेवढ्या कोरड्या राहतात.

हिशेबनीस:
एवढं वाचून मी थोडा सरकलोय पण पूर्ण नाही. बंकरवाल्यांचं हसू येतं हे मान्य. पण देश म्हणून न्यूझीलंडच बरा हे अजून कोणी खोडलेलं नाही. आणि दार बंद म्हणता तर एप्रिल २०२५ पासून त्यांनीच व्हिसा सोपा केलाय, ५० लाख न्यूझीलंड डॉलर गुंतवा, तीन वर्षांत मिळून २१ दिवस राहा, इंग्रजीची अटही काढली. अर्जांत सगळ्यात जास्त अमेरिकन. काका, तुमचं सरकार स्वतःच या म्हणतंय.

किवीकाका:
पैशाला या म्हणतंय. बरं, देश म्हणूनच बोलू. इथला एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना मार्सडेन पॉइंटला होता, तो २०२२ मध्ये बंद केला, आता पेट्रोल डिझेल सगळं तयार होऊन जहाजाने येतं. जहाजं थांबली की काही आठवड्यांत ट्रॅक्टर थांबले, दुधाचे टँकर थांबले. गाई भरपूर आहेत हो, पण दूध डेअरीत जायला डिझेल लागतं. आणि तुमचं ते वानाका, क्वीन्सटाउन, त्याच्या पश्चिमेला आल्पाइन फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची मोठी भेग आहे, शेवटचा मोठा भूकंप १७१७ मध्ये, पुढच्या ५० वर्षांत मोठा धक्का बसण्याची शक्यता ७५ टक्के धरतात इथले शास्त्रज्ञ. क्राइस्टचर्चला २०११ मध्ये १८५ माणसं गेली. जगाच्या शेवटाला पळून येऊन माणूस फॉल्टलाइनजवळ तंबू ठोकतोय.

तरी मी इथेच राहणार, का तर पलीकडच्या घरातला म्हातारा मला सायक्लोन गॅब्रिएलच्या वेळी जनरेटर घेऊन विचारायला आला होता. त्याला कारण मी रोज त्याचा कचऱ्याचा डबा आत आणून ठेवतो. तुमच्या क्लायंटचे २१ दिवसांत कोणाकोणाचे डबे ओढून होतील?

हिशेबनीस:
हाहा, विचारतो त्यांना. त्यांचा कालच परत फोन आला होता, न्यूझीलंड लांब पडतं म्हणताहेत, बायकोने सुचवलंय की गुहागरजवळ दोन एकर बघू, विहीर आहे, नारळ आहेत, पुण्याहून पाच-सहा तास. मुंबईतली मुलगी पण तिथेच येईल म्हणे.

फणसवाडीकर:
मुलगी मुंबईहून येणार कशी? महामार्गाने? त्या रस्त्याचं काम २०११ पासून चालू आहे. बाहेर जगबुडी आली तर येऊ दे, ती माणगावला ट्रॅफिकमध्येच असणार. आणि विहीर बघायला जाल तर मे महिन्यात जा, पावसाळ्यात एजंट सगळ्याच विहिरी भरलेल्या दाखवतात.