मदत हवी आहे : 'एलएसटी-३२५' या युद्धनौकेच्या ग्रीक सेवाकाळाविषयी

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातील 'एलएसटी-३२५' या अमेरिकी रणगाडावाहू जहाजावर मी सविस्तर लेख लिहीत असून त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. सपाट तळामुळे थेट किनाऱ्याला लागून, नाळेचे (पुढच्या टोकाचे) दरवाजे उघडून वाहने उतरवणारे हे जहाज १९४३ मध्ये सेवेत आले आणि सिसिली, सालेर्नो व नॉर्मंडी अशा तिन्ही मोहिमांत वापरले गेले. डिसेंबर १९४४ मध्ये फ्रान्समधील शेरबुर्ग बंदराजवळ 'एम्पायर जॅव्हलिन' हे सैनिकवाहू जहाज बुडत असताना याच जहाजाने सुमारे ७०० जणांना वाचवले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे.

माझी अडचण पुढच्या काळाची आहे. १९६४ मध्ये ते ग्रीसला देण्यात आले आणि 'सिरोस' या नावाने १९९९ पर्यंत तेथील नौदलात राहिले. या ३५ वर्षांतील फेऱ्या, दुरुस्त्या आणि बदललेली यंत्रसामग्री यांच्या अधिकृत नोंदी कोठे पाहता येतील आणि त्यांसाठी अर्ज कसा करावा, हे कोणी सांगू शकेल का? हे जहाज आता अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे संग्रहालय म्हणून उभे आहे. त्या परिसरातील मराठी मंडळींपैकी कोणी ते पाहिले असल्यास, ग्रीक भाषेतील पाट्या अजून शिल्लक आहेत का, हेही कृपया कळवावे.