मदत हवी आहे: घरचं काम कुठे संपतं आणि बालमजुरी कुठे सुरू होते?

नमस्कार मंडळी, बालमजुरीवर एका गटचर्चेची तयारी करतेय आणि एका मुद्द्यावर अडलेय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा 2024 चा अंदाज सांगतो, जगात सुमारे 13.8 कोटी मुलं बालमजूर आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त शेतीत, आणि बरीचशी घरच्यांच्याच हाताखाली. म्हणजे मालक म्हणून बोट दाखवायला कोणी नाहीच! आईबाप म्हणतात, "पोर काम शिकतंय." ते सगळंच खोटं नसतं.

याच कामगार संघटनेचा कामाच्या किमान वयाबद्दलचा 1973 चा करार क्र. 138 विकसनशील देशांत 12 वर्षांपासून हलकं काम चालवून घेतो, शाळा बुडणार नसेल तर. पण पेरणी-कापणीत शाळा बुडतेच ना? बोलिव्हियाने 2014 मध्ये अटींसह दहाव्या वर्षापासून मुभा दिली, 2018 मध्ये ती मागे घेतली. उलट बांगलादेशात 1990 च्या दशकात कपड्यांच्या कारखान्यांतून मुलांना एकदम काढलं, तर कित्येक जण त्याहून वाईट कामांत गेले. मला हे उदाहरण सर्वांत अस्वस्थ करतं.

शाळेच्या हजेरीवर कुटुंबाला पैसे देणाऱ्या योजनांनी मुलांचं काम खरंच घटतं का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा. मुलींच्या घरकामाचं मोजमाप कसं करता, तेही.