मदत हवी आहे : मंदीत घरांचे भाव उतरले, पण बांधकामाचा खर्च उतरत नाही. बांधावे, तयार घर घ्यावे की थांबावे?

नमस्कार. आमच्या कुटुंबाकडे एक मोकळा भूखंड आहे आणि त्यावर स्वतःच्या राहण्यापुरते एकमजली घर बांधण्याचा विचार आहे. सध्या घरांच्या बाजारात मंदी असल्यामुळे कंत्राटदारांकडून अंदाजपत्रके मागवली. ती समोर ठेवून हिशेब केला, तर असे दिसते की तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जवळपासच्या तयार घराच्या किमतीतून जमिनीचा भाग वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्यापेक्षा आमचा नुसता बांधकामाचा खर्चच जास्त आहे. म्हणजे बांधून पूर्ण होईल त्या दिवशीच घराची बाजारातील किंमत त्यावर झालेल्या खर्चापेक्षा कमी असेल. सिव्हिल इंजिनिअर, वास्तुविशारद, कंत्राटदार आणि अशा काळात घर बांधलेल्या मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी आजवरची समजूत आधी मांडतो, म्हणजे ती कुठे चुकत असेल तर दाखवता येईल. सिमेंटची भट्टी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला तापवावी लागते आणि सळईचेही तसेच आहे; त्यामुळे या मालाचे दर घरांच्या मागणीइतकेच कोळसा, वीज आणि वाहतुकीच्या दरांवर हलतात, शिवाय हाच माल रस्ते, पूल आणि धरणांनाही लागतो. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत इमारती लाकडाचा वायदा भाव हजार बोर्ड फुटांमागे (बोर्ड फूट म्हणजे लाकूड मोजण्याचे एकक) १,६०० डॉलरच्या वर गेला होता, जो कोविडच्या साथीच्या आधी ४०० डॉलरच्या आसपास असे. पुढे तो कोसळला, पण त्या प्रमाणात घरे काही स्वस्त झाली नाहीत. मजुरीचा प्रश्न तर मला मालापेक्षाही अवघड वाटतो. अमेरिकेत २००५ साली सुमारे २०.७ लाख घरांची बांधकामे सुरू झाली होती, २००९ साली तो आकडा साडेपाच लाखांवर आला आणि बांधकाम क्षेत्रातील रोजगार २००६ मधील सुमारे ७७ लाखांवरून २०११ च्या सुरुवातीपर्यंत ५५ लाखांच्याही खाली गेला. काम बंद पडल्यावर गवंडी, सुतार आणि सेंटरिंगचे कारागीर दुसऱ्या धंद्यात जातात आणि त्यातले बरेच जण परत येत नाहीत, नवे लोक शिकायला वेळ लागतो, आणि मागणी वाढली की त्या तुटवड्याची किंमत पुढचा घरमालक मोजतो.

यातूनच पुरवठ्याचे दुष्टचक्र सुरू होते असे मला वाटते. विक्रीची किंमत खर्चाच्या खाली गेली की विकासक नवे प्रकल्प थांबवतो. आज जे पायाभरणीला गेले नाही ते दोन-तीन वर्षांनी बाजारात येत नाही, आणि तेव्हा लोकांची ऐपत सुधारलेली असली तरी घरे अपुरी पडतात. विकणारेही अडून बसतात. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९९० च्या दशकातील सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावे लागणार होते, ते खरेदीची किंमत आणि आता मिळू शकणारी किंमत यांतील फरकाच्या २५ ते ३५ टक्के इतकी जास्त किंमत सांगत आणि त्यांची घरे जास्त काळ पडून राहत. मंदीत भाव पडण्याआधी व्यवहार थांबतात ते याचमुळे, असे मी समजतो.

परवडण्याचा हिशेब व्याजदरामुळे आणखी बिघडतो. वीस वर्षांच्या कर्जाचा दर ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेला, तर तेवढ्याच कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे घराची किंमत जवळजवळ १४ टक्के उतरली तरी हप्ता पूर्वीइतकाच राहतो. "भाव पडले, आता घ्या" असा सल्ला देणारे हे गणित सहसा सांगत नाहीत, आणि पहिलेच घर घेणाऱ्या माणसाला तेच सर्वांत जास्त भोवते.

आता माझ्या अडचणीकडे येतो. एका अंदाजपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात "दर पंधरा दिवसांपुरते ग्राह्य" असे लिहिले आहे, तर दुसऱ्यात मालासह ठरावीक दर दिला आहे, परंतु सळई आणि सिमेंट महागल्यास फरक मालकाने द्यावा असे कलम आहे; भाव उतरल्यास फरक मालकाला मिळेल, असे मात्र कुठेही म्हटलेले नाही. अशा कलमात दोन्ही बाजूंनी समान वागणूक मागणे व्यवहारात चालते का? की माल स्वतः खरेदी करून केवळ मजुरीचे कंत्राट द्यावे, आणि तसे केल्यास मालाची नासाडी व साठवणूक यांची जबाबदारी कोणावर टाकावी? मंदीत कंत्राटदाराचे पैसे अडकलेले असतात आणि एका कामाची उचल दुसऱ्या कामात वळवली जाण्याची शक्यता असते, म्हणून मोठी आगाऊ रक्कम न देता जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनुसार, मोजमाप झाल्यावरच पैसे द्यावेत असे मला वाटते. प्रत्येक टप्प्याला एकूण रकमेचा किती भाग योग्य, हे अनुभवी लोकांनी सांगितले तर फार उपयोग होईल.

आणखी एक पर्याय घरात चर्चेत आहे : आत्ता पाया आणि जोत्यापर्यंतचे काम करून उरलेले दर स्थिर झाल्यावर हाती घ्यावे. मात्र उघड्या राहिलेल्या सळया गंजतील आणि मधल्या काळात मजुरीच वाढेल, या भीतीने मी त्याला तयार नाही. हा निर्णय बरोबर आहे का, आणि थांबावेच लागले तर जोत्यावरच्या सळयांचे संरक्षण कसे करावे, हेही कृपया सांगावे.

आम्हाला हे घर पुढे विकायचे नाही, म्हणून बाजारभावापेक्षा खर्च जास्त होणे एका मर्यादेपर्यंत मान्य आहे. ती मर्यादा कशी ठरवावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे.