साठ मुलांच्या वर्गात पीबीएल (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, समस्येवर आधारित शिक्षण) कसं बसवायचं? (बी.एस्सी. रसायनशास्त्र)

गंगावेस: दुसऱ्या वर्षाला साठ मुलं, शिक्षक मी एकटाच, तास ५० मिनिटांचा. पीबीएल करा असा वरून आग्रह आहे. गटांना विषय वाटून दिले की एकजण पीपीटी करतो आणि बाकीचे मागं उभे राहतात. याला पीबीएल म्हणायचं का? कोल्हापुरात आहोत, तर गुऱ्हाळावर काही बेतता येईल का? गुण कसे द्यायचे?

भोगावतीकाठ: सर, तो सेमिनार झाला. पीबीएलमध्ये समस्या आधी येते, वाचन नंतर. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणात हे याच क्रमानं सुरू झालं.

गुऱ्हाळ बेस्ट आहे. समस्या चार-पाच ओळींचीच ठेवा: "एकाच फडातल्या उसाची दोन आधणं उतरवली. पहिल्याचा गूळ कडक, पिवळसर. दुसऱ्याचा रवा (ढेप) आठ दिवसांत पाघळला. दुसरा ऊस तोडून तीन दिवस गुऱ्हाळाच्या दारात पडून होता. चुन्याची निवळी दोन्हीला अंदाजानंच." 'इन्व्हर्जन' (आम्लानं सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होणं) हा शब्द कागदावर आला की खेळ खलास, मुलं तेवढंच शोधून उतरवतात.

पहिल्या तासाची वाटणी: अनोळखी शब्द ५ मिनिटं, नेमकी समस्या ठरवणं ५, कारणांचे तर्क १५, तर्कांची जुळणी १०, अभ्यासाचे प्रश्न १०. उरलेली ५ मिनिटं ते प्रश्न तपासायला. मग तीन-चार दिवस वाचन.

दुसऱ्या तासाला नवा कागद: ताज्या रसाचा सामू (pH) ५.३, शिळ्याचा ४.९. शेवटी सापळा: "गुळव्यानं पुढच्या आधणाला दुप्पट निवळी टाकली, गूळ काळपट पडला." आम्लानं साखर फुटते एवढंच पाठ केलेला गट इथं अडकतो. जादा चुन्यानं रस अल्कली होतो आणि अल्कलीत ग्लुकोज-फ्रुक्टोज विघटित होऊन रंग धरतात, हे त्याला नव्यानं शोधावं लागतं.

बिंदूचौक: बिघडतं ते बहुतेक पाचव्या पायरीवर. "सामूविषयी माहिती" हा अभ्यासाचा प्रश्न नव्हे. "उकळत्या रसात सामू ५ च्या आसपास असताना सुक्रोजचं काय होतं, आणि तयार झालेली साखर हवेतलं पाणी का ओढते?" हा प्रश्न. दुसरी खोड म्हणजे प्रश्न वाटून घेणं. सगळ्यांनी सगळे प्रश्न वाचायचे, नाहीतर दुसऱ्या तासाला सहा छोटी भाषणं ऐकावी लागतात.

सहा-सहाचे दहा गट करा. प्रत्येकात एक अध्यक्ष, एक लेखनिक, दर समस्येला बदलून. तुम्ही फिरत राहायचं आणि दर १५ मिनिटांनी सगळा वर्ग थांबवून एका गटाला विचारायचं, "तुमच्या फळ्यावर काय आहे?" पहिल्या तासाला मोबाईल दप्तरात. तर्क स्वतःच्या डोक्यातून यायला हवेत, चुकीचे असले तरी.

प्रॅक्टिकलला जोडायचं असेल तर दोन्ही गुळांचे ५ ग्रॅम २५० मिलीत विरघळवा आणि १० मिली फेलिंग द्रावणाविरुद्ध (ए ५ + बी ५) टायट्रेट करा. रिड्यूसिंग साखर (इथं ग्लुकोज-फ्रुक्टोज) १० टक्के असेल तर गुळाचं द्रावण साधारण २५ मिली लागतं, २० टक्के असेल तर १२-१३. मिथिलीन ब्लू (एंड पॉइंट दाखवणारा सूचक) टाकल्यावर उकळी थांबू देऊ नका. हवा शिरली की निळा रंग परत येतो आणि मुलं एंड पॉइंट ओलांडून पुढं जातात.

भोगावतीकाठ: मोबाईलबाबत सहमत, पण दुसऱ्या तासाला द्या, आकडे तिथंच पडताळता येतात.

शाहूपुरी_चौथी_गल्ली: गुणांचं सांगतो. २० पैकी १० वैयक्तिक: शेवटी अर्ध्या तासाची चाचणी, समस्या तीच पण आकडे बदललेले. ६ गटाच्या मांडणीला. ४ सहकाऱ्यांकडून. सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, म्हणून प्रत्येकाला २५ गुण देऊन ते बाकीच्या पाच जणांत वाटायला सांगा आणि त्याची सरासरी चारांत बसवा. सारखे वाटले तरी चालतील, फक्त एका ओळीत कारण हवं.

आणि सत्रात दोनच समस्या घ्या, मॅडम-सर मंडळींनी अख्खा अभ्यासक्रम यात कोंबू नये. नामकरण, मोलॅरिटीची गणितं फळ्यावरच बरी.

गंगावेस: चुना किती टाकला, हा आकडा पहिल्या कागदात द्यावा का?

भोगावतीकाठ: नको. खिशात ठेवा, ज्या गटानं मागितला त्यालाच द्या.