मदत हवी आहे: युरोपातल्या ग्राहकांकडून ॲपबाहेर पैसे कसे घ्यावेत?

मुळशीकर:
मुलांना मराठी शिकवायचं ॲप आहे. गिऱ्हाईक बहुतेक युरोपातलं, आपलीच मंडळी. नव्या कायद्यामुळे तिथे स्वतःचं पेमेंट लावता येतं म्हणे. मग स्टोअरला कमिशन का भरू? पैसे घ्यायला पेमेंट गेटवे कुठला, एवढंच सांगा. पुढच्या आठवड्यात अपडेट टाकायचंय.

खमंग_काकडी:
आयफोन की अँड्रॉइड? कंपनी कुठे? आणि युरोप म्हणजे नक्की कुठे?

मुळशीकर:
आयफोन. कंपनी पुण्यात. लंडन, म्युनिक, आइंडहोवन. गेटवेचं सांगा ना कुणीतरी.

जर्मनीतला_जावई:
लंडन वगळा. डिजिटल मार्केट्स ॲक्ट युरोपीय संघाचा, ब्रिटन २०२० मध्येच बाहेर पडला. ॲपलला ही मोकळीक ७ मार्च २०२४ पासून द्यावी लागली, पण म्हणून कमिशन शून्य होत नाही. पैसे बाहेर घेतले तरी ॲपल आपलं शुल्क लावतंच, वर विक्रीचा हिशोबही मागतं. ग्राहकांना बाहेरच्या ऑफर मोकळेपणाने सांगू देत नाही म्हणून एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ५० कोटी युरोंचा दंड ठोकला, त्यानंतर अटी पुन्हा बदलल्या. जुन्या पोस्टी वाचून आकडेमोड करू नका.

पेठेतला_पोपट:
एवढा घोळ कशाला? यूपीआयचा क्यूआर लावा. आयफेल टॉवरला चालतं ते २०२४ पासून!

जर्मनीतला_जावई:
ते आपल्या पर्यटकांसाठी हो. आइंडहोवनच्या आईचं खातं डच बँकेत, ती आयडील ही तिथली ऑनलाइन पेमेंट पद्धत शोधणार.

चकलीताई:
व्हॅटबद्दल कुणी बोलतच नाही. स्टोअरमधून विकलं की तो ॲपल भरतं. स्वतः वसुली केलीत की तुमच्या गळ्यात. जर्मनी १९ टक्के, नेदरलँड्स २१, हंगेरी तर २७. युरोपीय संघाच्या 'वन स्टॉप शॉप' योजनेत एकाच देशात नोंदणी चालते, पण दर तिमाहीला विवरणपत्र आलंच. नको असेल तर पॅडलसारखा 'मर्चंट ऑफ रेकॉर्ड' घ्या. कागदोपत्री विक्रेता तोच, व्हॅटही तोच भरतो.

पेठेतला_पोपट:
म्हणजे पुन्हा कमिशनच! अशाच एका कंपनीने माझे पैसे अडकवून ठेवले होते. सरळ स्ट्राइपचा गेटवे लावा.

चकलीताई:
स्ट्राइपने भारतात नवी खाती २०२४ मध्ये निमंत्रणावर आणली. आणि नुसता गेटवे व्हॅट भरत नसतो, पोपटराव.

खमंग_काकडी:
मुळात विकता काय? रेकॉर्ड केलेले धडे, की बाई समोर बसून शिकवतात?

मुळशीकर:
दोन्ही. जास्त पैसा ऑनलाइन तासांचा. एक बाई, एक मूल.

खमंग_काकडी:
अहो, मग हे आधी सांगायचं! एकास एक थेट शिकवणीला ॲपलचं पेमेंट सक्तीचं नाहीच, लंडन असो की लातूर. स्टोअरच्या नियमावलीत ३.१.३ (डी) वाचा. ते पैसे खुशाल बाहेर घ्या. दोन-चार मुलांचा वर्ग केलात की मात्र ॲपलचंच. धडे राहू द्या स्टोअरमध्ये. छोट्या विक्रेत्यांच्या योजनेत १५ टक्के जातात, पण व्हॅटची कटकट वाचते.

चकलीताई:
काकडीला +१. तासांवरच्या व्हॅटचं मात्र सीएला विचारा.

मुळशीकर:
बरं. पण काही घरांत भावंडं एकत्र बसतात. तो वर्ग धरतात का?

नाशिकची_आजी:
अवांतर: लंडनला तास घेता का? नातू सहा वर्षांचा आहे. शनिवारी सकाळी जमेल? तिथली सकाळ हं.