घरचं व्होल्टेज १९८ ते २५८ : दोष माझ्या वायरिंगचा की टीसीचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा)?

वडगावची सून

नमस्कार. बेळगावात वडगावला जुनं घर आहे आमचं. मागं-पुढं यंत्रमाग. आमचेही होते, सासऱ्यांनी विकले. त्या खोलीत आता मी ब्लाउज शिवते आणि कॉम्प्युटरची एम्ब्रॉयडरी मशीन चालवते. मशीनचा बोर्ड जळला. दुरुस्तीवाला कोल्हापूरहून आला, बिल हातात ठेवलं आणि म्हणाला, "तुमची लाईट खराब आहे." लाईनमनला विचारलं तर म्हणतो, लाईट बरोबर आहे, तुमचं वायरिंग जुनं. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग मीच केलंय, त्याला काय धाड भरल्या?

शेवटी भाच्याला सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पीझेम-००४टी नावाचं मीटर आणि ईएसपी३२ (वायफायचा छोटा कंट्रोलर) मेन स्विचजवळ डब्यात बसवून दिलं. मोबाईलवर होम असिस्टंट ॲपमध्ये व्होल्टेज आणि अँपिअरचा आलेख दिसतो. आता मी पिको-फॉल करता करता तोच बघत बसते, घरातले हसायलेत.

जे दिसतंय ते असं :

सकाळी २२६-२२८ च्या आसपास. संध्याकाळी सातनंतर २०५ वर येतं, कधी १९८. रात्री माग थांबले की २४५ ते २५१.

गीझर लावला (३ किलोवॅटचा आहे) की २२८ चं झटक्यात २१४. तेव्हा अँपिअर १२.१.

सकाळी माग सुरू व्हायच्या वेळेला मधूनच व्होल्टेज *वाढतं*. २२६ वरून २४९, एकदा २५८. माझ्याकडं तेव्हा फक्त फ्रिज आणि एक ट्यूब. हे मला काही उमगलेलं नाही. लोड वाढल्यावर व्होल्टेज पडायला पाहिजे ना?

आणि मशीन कधी कधी मधेच रिसेट होते, डिझाईन सरकतं, कापड वाया. पण त्या वेळेला आलेखात काहीच दिसत नाही, सरळ रेघ. मग हे यंत्र खरं बोलतंय की नाही?

---

निपाणीकर

ताई, ५ केव्हीएचा चांगला स्टॅबिलायझर अख्ख्या घराला लावा. विषय संपला. आमच्याकडं वखारीत तेच केलंय.

---

उद्यमबाग रिवाइंडिंग

निपाणीकर, विषय संपत नाही, झाकला जातो. जरा थांबा.

ताई, मी मोटारी भरतो, जळालेल्या मोटारी बघण्यात जन्म गेला. तुमच्याएवढी नीट माहिती घेऊन माझ्याकडं कुणी येत नाही. भाच्याला शाबासकी सांगा. त्यानं व्होल्टेजबरोबर अँपिअरही घेतलं, तिथंच निम्मं काम झालंय. नुसत्या व्होल्टेजचा आकडा काही सांगत नाही. पडलं तेव्हा *तुमचे* अँपिअर वाढले होते का, हे बघायचं. वाढले असतील तर दोष तुमच्या आणि टीसीच्या मधल्या वाटेवर. तुमचे अँपिअर हलले नाहीत आणि तरी व्होल्टेज हललं, तर दुसऱ्या कुणाचा तरी लोड किंवा वरचीच लाईन.

आता तुमचा गीझर घ्या. १४ व्होल्ट पडले १२.१ अँपिअरला. भागाकार केला तर वाटेत जवळजवळ १.१५ ओहम आहे. खांबापासून मीटरपर्यंत ४ स्क्वेअरची ॲल्युमिनियम सर्व्हिस वायर २५ मीटर धरली, जाऊन-येऊन ५० मीटर, तर तिचा रेझिस्टन्स साधारण ०.३५. म्हणजे ४ व्होल्ट पडणं समजू शकतो. बाकीचे १० कुठं गेले? कुठल्यातरी सैल जॉइंटमध्ये. १० व्होल्ट गुणिले १२ अँपिअर म्हणजे १२० वॅट, सगळी उष्णता एका जॉइंटवर. आंघोळ होईस्तोवर तिथं इस्त्री तापत असते असं समजा.

मीटर मेन स्विचजवळ बसवलंय म्हणालात, म्हणजे घराच्या आतली वायर या हिशेबातून सुटली. तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर आहे.

पण मला काळजी तुमच्या तिसऱ्या गोष्टीची आहे. व्होल्टेज वाढतं ती. एक सांगा : २४९ होतं तेव्हा शेजारी कुणाकडं दिवा मंद होतो का?

---

जांबोटी रान

रेघ सरळ का दिसते त्याबद्दल बोलतो, बाकीचं रिवाइंडिंगवाले अण्णा बघतील.

ताई, यंत्र खोटं बोलत नाही, पण ते डोळे मिटून मिटून बघतं. पीझेम साधारण सेकंदाला एक आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आकडा देतं. आपली लाईट ५० हर्ट्झची, एक सायकल २० मिलिसेकंदांची. व्होल्टेज चार-पाच सायकल पडून परत आलं, तर सेकंदाच्या सरासरीत ते विरून जातं. तुमच्या मशीनच्या बोर्डाला मात्र तेवढा धक्का पुरतो. आणि वीज कडाडल्यावर किंवा मोठी मोटार बंद होताना येणारा खरा स्पाइक मायक्रोसेकंदांचा असतो, तो पकडायला ऑसिलोस्कोप किंवा पॉवर क्वालिटी ॲनालायझरच पाहिजे. स्मार्ट प्लगमध्येही तीच कथा. तुम्हाला २५८ दिसलं तो स्पाइक नव्हे, फुगवटा आहे, आणि तो सेकंदभरापेक्षा जास्त टिकला म्हणूनच दिसला.

भाच्याला हौस असेल तर झेडएमपीटी१०१बी हे छोटं मॉड्यूल घ्यायला सांगा. ते ईएसपी३२ च्या एडीसीला (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागाला) जोडून सेकंदाला दोन-तीन हजार सॅम्पल घ्यायची आणि दर अर्ध्या सायकलला आरएमएस काढायचा. आयईसी ६१०००-४-३० या मानकात अशीच पद्धत आहे. साधारण ९० टक्क्यांखाली गेलं की डिप, ११० च्या वर गेलं की स्वेल. २३० धरून २०७ आणि २५३. सगळा डेटा साठवायचा नाही, हद्द ओलांडली तेवढ्याच नोंदी ठेवायच्या. चांगल्या मल्टिमीटरशी ताडून आकडा जुळवून घ्यायला विसरू नका.

अजून एक. पीझेमची मोजायची मर्यादा ८० ते २६० व्होल्ट. तुम्ही २५८ ला टेकलाय. त्याच्या वरच्या आकड्यावर विसंबू नका.

---

वडगावची सून

अण्णा, तुम्ही विचारलं म्हणून समोरच्या काकूंना सकाळी फोनवर धरून ठेवलं. माझ्याकडं २४७ झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं आमचा पंखा मेला की!" त्यांच्याकडं एकदम मंद. डाव्या हाताच्या घरात मात्र माझ्यासारखाच दिवा लख्ख झाला. हे कसं काय?

---

उद्यमबाग रिवाइंडिंग

हेच ऐकायचं होतं आणि हेच नको होतं. न्यूट्रल (परतीची तार) सैल आहे, आणि तुमच्या एकटीचा नाही, सगळ्यांचा मिळून जो आहे तो. खांबावर किंवा टीसीवर.

टीसीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. डावीकडचं घर तुमच्या फेजवर, काकू दुसऱ्या. न्यूट्रल धड असेल तोवर प्रत्येकाला आपापले २३० मिळतात. तो सैल झाला की मधला बिंदू सरकतो. ज्या फेजवर माग सुरू झाले तिथं व्होल्टेज पडतं आणि मोकळ्या फेजवर चढतं. तुम्ही मोकळ्या. पूर्ण तुटला तर तुमच्या घरात ३५०-४०० सुद्धा येऊ शकतात, टीव्ही, फ्रिज, बोर्ड सगळं एका मिनिटात जातं. तुमचा गीझरचा हिशेब आणि हा फुगवटा, दोन्हीचं मूळ एकच दिसतंय मला.

आजच तक्रार करा, १९१२ वर. "लाईट कमी-जास्त होते" असं सांगू नका, त्याला कोण विचारतंय? "न्यूट्रल लूज आहे, एका घरात २५८ आणि समोर मंद" असं सांगा. तोवर दिवे अचानक लख्ख झाले की मेन स्विच पाडायचा. मीटरचं सील किंवा खांब, कशालाच कुणी हात लावू नये. आणि गल्लीतला एखादा हुशार सांगेल, न्यूट्रल अर्थिंगला जोडून टाका. त्याला चहा पाजून परत पाठवा. तसं केलं तर घरातल्या लोखंडी वस्तूंवर करंट यायचा.

जॉइंट होईल तेव्हा होईल, पण मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवाच. वर २६५, खाली १८० ठेवा, परत चालू व्हायला तीन मिनिटांचा उशीर, म्हणजे फ्रिजचा कॉम्प्रेसर वाचतो. सर्ज प्रोटेक्टर वेगळा. तो विजेच्या कडाक्याला आहे, तासभर ३०० व्होल्ट राहिले तर तो स्वतःच जळतो. दुकानदार एकाच्या नावावर दुसरं खपवतात.

निपाणीकर, रागावू नका. तुमचा स्टॅबिलायझर ४०० व्होल्टला काय करणार?

---

निपाणीकर

रागावतोय कशाला, आमच्या वखारीतला न्यूट्रल बघायला माणूस बोलावलाय.

---

अर्ज लिहिणारा मास्तर

फोनबरोबर लेखी अर्जही द्या, सेक्शन ऑफिसला. कन्नडमध्ये दिलात तर टेबलावर पडून राहायचं निमित्त उरत नाही. वाद घालायचा असेल तर त्याला दुसरे दिवस आहेत, आत्ता काम होऊ दे. अर्जात बिलावरचा आरआर नंबर (तुमच्या कनेक्शनचा नंबर), टीसीवर रंगवलेला नंबर, आणि तारीख-वेळेसकट आलेखाची छापील प्रत लावा. कमी दाबाच्या पुरवठ्याला ६ टक्के वर-खाली ही मर्यादा १९५६ च्या वीज नियमांपासून आहे. २३० धरला तर २१६ ते २४४. तुमचे १९८ आणि २५८, दोन्ही बाहेर. पोच घेतल्याशिवाय उठू नका. काम झालं नाही तर २००३ च्या वीज कायद्यात ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथं हीच पोच लागते.

कन्नड मजकूर पाहिजे असेल तर इथंच टाकतो.

---

वडगावची सून

मास्तर, मजकूर पाहिजे होता, पण समोरच्या काकूंच्या सुनेनं लिहून दिला. ती धारवाडची.

लाईनमन आला होता. खांबावर न्यूट्रलचा जॉइंट नुसता पिळलेला, वर पांढरी भुकटी. कापून नवीन क्लँप मारला. खालून मी आलेख दाखवला तर तोच म्हणाला, "हे मला व्हॉट्सॲपवर पाठवा, साहेबांना दाखवतो."

आता गीझरला ५ व्होल्ट पडतात. सकाळचं फुगणं बंद. संध्याकाळी सातनंतर २०४ मात्र तसंच आहे, आणि तेव्हा माझे अँपिअर जेमतेम एक असतात. म्हणजे अण्णांच्या हिशेबानं हे माझं नाही. बरोबर ना?

---

उद्यमबाग रिवाइंडिंग

बरोबर. न्यूट्रल झाल्यावरही राहिलं, म्हणजे टीसीवर लोड जास्त नाहीतर वरच्या लाईनलाच कमी. रात्री २४५-२५१ जातंय, म्हणून टॅप (टीसीवरची व्होल्टेज कमी-जास्त करायची खूण) वाढवून मागू नका, रात्री दिवे उडतील. टीसीचा लोड मोजायला आणि फेज वाटून द्यायला सांगा. त्यासाठी वेगळा अर्ज, तुमच्या एकटीचा नको, गल्लीतल्या सगळ्यांच्या आरआर नंबरांसकट.

मशीनला स्टॅबिलायझर नको, छोटा 'ऑनलाईन' प्रकारचा यूपीएस (सतत इन्व्हर्टरवरच चालणारा) घ्या. रिलेचा स्टॅबिलायझर टॅप बदलतानाच क्षणभर अडखळतो, तुमचं डिझाईन त्यातच सरकायचं.

---

जांबोटी रान

आणि वळवाचे ढग आले की यूपीएसचा प्लगच काढून ठेवा. आमच्याकडं खानापूरच्या रानात तेवढा एकच उपाय कधी फसलेला नाही.