कंपनी कर कमी झाला, कारखाने कुठे आहेत?

खुला_बाजार:
२० सप्टेंबर २०१९ ला पणजीत, जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी, निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं: सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना कर ३० ऐवजी २२ टक्के, नव्या उत्पादक कंपन्यांना १५. सरकारनेच १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडल्याचं सांगितलं. तेव्हापासून ‘उद्योगपतींना खिरापत’ हे पालुपद चालू आहे. मला ते पटत नाही. १९७३-७४ मध्ये वैयक्तिक आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता! वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन हातात. अशाने माणूस दोन नंबरची वही ठेवतो, नाहीतर जास्त कमवायच्या भानगडीतच पडत नाही. १९९७ मध्ये तोच दर ३० वर आणला, देश काही बुडाला नाही.

हिशेबनीस:
९७ वरून खाली येणं वेगळं, ३० वरून २२ वर येणं वेगळं. २०१८-१९ मध्ये कंपनी कर ६.६३ लाख कोटी जमला, पुढच्या वर्षी ५.५७. कोविडवर ढकलू नका, टाळेबंदी मार्च संपता संपता लागली.

खुला_बाजार:
आणि २०२२-२३ मध्ये ८.२६. ते बरं विसरलात.

हिशेबनीस:
विसरलो नाही. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक आयकर कंपनी कराच्या पुढे गेला, हेही लिहून ठेवा. पगारदाराचा टीडीएस पगार हातात पडायच्या आत कापला जातो, त्याला कुठली पणजी?

भोसरीचा_लेथवाला:
मधे बोलतो. आमची भागीदारी फर्म, त्यामुळे २२ चा दर आम्हाला लागूच नाही. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस. दोन व्हीएमसी (धातूचे भाग कापणारी संगणकी मशीन) आहेत, त्यातली एक दिवाळीपासून ताडपत्रीखाली. ती कर जास्त म्हणून बंद नाही, जॉब नाही म्हणून बंद आहे. ऑर्डर हातात असेल तर ३० टक्के भरूनही मी तिसरी घेईन. खरं दुखणं वेगळंच. पार्टी पेमेंट करणार नव्वद दिवसांनी (तेही चार फोन केल्यावर), पण जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच. म्हणजे न आलेल्या पैशांवरचा कर मी सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून), व्याज देऊन भरतो.

खुला_बाजार:
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की! फर्मलाही २२ लावा, जीएसटी पैसे आल्यावर घ्या. सरकारने दर कंपन्यांपुरता उतरवला आणि स्वतःच्या खर्चाला हात लावला नाही, चूक तिथे आहे.

हिशेबनीस:
आणि खड्डा कशाने भरणार? एअर इंडिया विकली, १८ हजार कोटींच्या व्यवहारात सरकारला रोख मिळाले २,७०० कोटी. बाकी कर्ज होतं.

खुला_बाजार:
विकली नसती तर दरवर्षी तोटा भरत बसलो असतो. खर्च कापा, एवढंच म्हणतोय.

भोसरीचा_लेथवाला:
कुठला कापायचा ते नाव घेऊन सांगा साहेब. माझे निम्मे जॉब रेल्वेला माल पुरवणाऱ्या कंपनीकडून येतात.